सुट्टे

चांगला सिनेमा कशाला म्हणायचं, असं कुणी विचारलं
की मी पोटापाण्यापुरतं बोलते:
पटकथा, छायांकन, अडीच तारे.
तीनशे शब्द, बुधवारी रात्री बाराच्या आत.

माझ्या बापाला हे कुणी कधी विचारलं नाही.
भिकाजी धुरी, उज्ज्वल टॉकीज, डिलाईल रोड,
कॅन्टीनचा ठेका, एकोणीस वर्षं.
तोंड कढईकडे, पाठ पडद्याकडे,
मध्ये एक भिंत, तिच्यावर तेलाची पुटं
आणि पलीकडून येणारे आवाज:
घोडे, सासवा, गोळीबार,
मग कधीतरी बराच वेळ काहीच नाही.
त्या काहीच-नाहीत तो झारा धरून उभा राहायचा.
एखादा घाणा जळायचा.

त्याचा हिशेब मध्यंतराचा.
पिक्चर पडेल असला तर लोक घंटेआधीच बाहेर,
दोन-दोन वडे, वर चटणी मागून,
तिखट कमी आहे म्हणून तक्रार. धंदा झकास.
बरा असला तर नुसता गलका,
हिरोसारखी मान उडवणारी पोरं,
बरणीच्या झाकणावर ठेका.
आणि वर्षातून दोनदा, फार तर तीनदा,
इस्माईल दारं उघडायचा आणि कुणी बाहेरच यायचं नाही.
मग यायचे, एकेक,
दुपारी झोपून उठलेल्या माणसासारखे.
पाचाची नोट पुढे करायचे, कप उचलायचे,
उरलेले पैसे न घेताच वळायचे.

ते पैसे बाप गल्ल्यात टाकत नसे.
बोर्नव्हिटाचा वेगळा डबा होता,
आत कागदाच्या पुड्या, पुडीवर पेन्सिलीनं:
मंगळवार, सहाचा खेळ, निळा सदरा.
"येतील," म्हणायचा.
आणि यायचे की!
पैशांसाठी नव्हे, परत तिकीट काढून.
"काल तुमचे दोन रुपये राहिले," म्हटलं की
भलत्याच कुणाची चूक ऐकल्यासारखं बघायचे.

बेस्टचा एक कंडक्टर होता, बोरकर,
जन्म सगळा सुट्ट्यांत गेलेला.
तो लागोपाठ चार दिवस विसरला.
चौथ्या दिवशी बापाला राहवलं नाही:
"मास्तर, आत एवढं आहे तरी काय?"
बोरकरनं विचार केला. चहा गार झाला.
"एक बाई आहे. तिला पत्र येतं. ती ते फोडत नाही."
"मग?"
"मग काही नाही. पिठाच्या डब्यात ठेवते."

त्या रात्री जेवताना बापानं हे आम्हाला सांगितलं.
आई भाकरी थापत होती.
तिचा हात पिठाच्या डब्यात गेला
आणि जरासा जास्तच वेळ आत राहिला.

उज्ज्वल पडली, तिथे आता गाड्यांचं शोरूम आहे.
गेल्या वर्षी त्याला परळच्या मॉलमध्ये नेलं,
मी साडेतीन तारे दिलेल्या सिनेमाला.
मध्यंतर झालं, सवयीनं उठला,
पॉपकॉर्नच्या काउंटरशी जाऊन उभा राहिला,
पिक्चर सुरू झाला तरी आत येईना.
मी बाहेर गेले. तो माणसांचे हात बघत होता:
कार्ड टेकवतात, टुक् असा आवाज होतो, निघतात.
"अगं, यांच्याकडे सुट्टे उरतच नाहीत,"
तो म्हणाला, "मग कळतं कसं?"
"सिनेमा कसा वाटला?" मी विचारलं.
"लोक चटणी मागताहेत," म्हणाला.
चटणी कुठली, चीजचा सॉस होता तो.
पण घरी येऊन मी एक तारा खोडला.
छापून गेलेल्या कागदावर, पेन्सिलीनं.

डबा माझ्याकडे आहे. आत एकच पुडी उरली आहे,
चार रुपये, शनिवार, रात्रीचा खेळ.
कुठला पिक्चर होता ते बापाला आठवत नाही.
माणूस आठवतो: उंच, डावखुरा,
चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली,
आणि कपसुद्धा हातात तसाच घेऊन गेला.